ओठांतलं फिलर: साधी सूज कोणती, धावायचं कधी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लगीनसराई जवळ आली की ओठांच्या फिलरची, म्हणजे ओठ भरीव दिसावेत म्हणून आत टोचायच्या जेलची, चौकशी वाढते. पुण्यात लक्ष्मी रोडवर बस्ता होतो, मेंदीवाली ठरते आणि मग कुणीतरी 'ओठांचं पण करून घेऊ' म्हणतं. घेऊन झाल्यावर जे फोन येतात, ते बहुतेक रात्री येतात आणि कुजबुजत येतात, कारण शेजारच्या खोलीत आई किंवा सासूबाई असतात. खालचे प्रश्न त्याच फोनवरचे आहेत. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, पण तुमचा ओठ मी पाहिलेला नाही. म्हणून शंका आली तर हे पान शेवटपर्यंत वाचत बसू नका, दाखवायला निघा.

मला घाई आहे. कशाला लगेच धावायचं तेवढं सांगा.

ओठाचा किंवा भोवतालच्या त्वचेचा रंग पांढराफटक, राखाडी किंवा जाळीदार जांभळट झाला असेल, किंवा ठणका तासातासाने वाढत असेल, तर आत्ता निघा. डोळ्यापुढे अंधारी, एका डोळ्याने कमी दिसणं, डोळ्यात अचानक कळ, पापणी पडणं, बोलताना जीभ अडखळणं, यातलं काहीही झालं तरी आत्ता. जीभ किंवा घसा सुजला, श्वासाला त्रास होऊ लागला, अंगभर गांधी उठल्या तर १०८ ला फोन करा. 'उद्या सकाळी बघू' हे वाक्य या यादीतल्या कशालाच लागू नाही.

काल फिलर घेतलं, आज ओठ दुप्पट झालेत. काहीतरी बिघडलंय का?

बहुधा नाही. ओठांची त्वचा पातळ, रक्तपुरवठा भरपूर, आणि त्यात सुई अनेक वेळा टोचलेली. शिवाय फिलरच्या जेलमधलं हायलुरोनिक अ‍ॅसिड स्वतःच पाणी धरून ठेवतं. सूज पहिल्या दोन दिवसांत वाढते, तिसऱ्या दिवसापासून उतरू लागते. सकाळी उठल्यावर जास्त वाटते, कारण रात्रभर आपण आडवे असतो. उशी थोडी उंच घ्या. एका बाजूला जास्त सूज असणंही नेहमीचंच. ओठ हुळहुळतील, ताणल्यासारखे वाटतील, चहाचा कप नीट लागणार नाही. काळंनिळं पडलं असेल तर ते जायला आठ-दहा दिवस लागतात.

आकार खरा कसा आला हे दोन आठवड्यांनी कळतं. त्याआधी आरशासमोर उभं राहून 'डावीकडे जास्त, उजवीकडे कमी' असा हिशेब मांडू नका. लग्न ऐन आठवड्यावर आलेलं असताना फिलर घेऊच नका. किमान महिनाभर हाताशी ठेवा. मुहूर्ताला सूज उतरलेली असेल, असं कुठलाही डॉक्टर लिहून देणार नाही.

मग साधं काळंनिळं आणि खरा धोका यात फरक कसा ओळखायचा?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

खरा धोका म्हणजे फिलर रक्तवाहिनीत जाणं, किंवा बाहेरून तिच्यावर दाब येणं. वरच्या आणि खालच्या ओठात एकेक धमनी आडवी जाते. चेहऱ्याच्या मुख्य धमनीच्या त्या फांद्या. बहुतेकांत ती ओठाच्या आतल्या बाजूला असते, पण प्रत्येकात थोडी वेगळीकडे, आणि बाहेरून दिसत नाही. फिलरचा जेल तिच्यात शिरला की बोळा बसतो, आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. पाटाचं पाणी वर अडवलं की खालचं वावर सुकतं, तसंच हे. फक्त वावर आठवड्याने सुकतं, त्वचेच्या बाबतीत हिशेब तासांचा असतो.

पहिली खूण रंगाची. टोचताना ओठ क्षणभर पांढरा होतो आणि लगेच गुलाबी होतो, त्यात काही नाही. पांढरेपणा टिकून राहिला, किंवा ज्या जागी सुई लागलीच नाही तिथेही पसरला, तर ती धोक्याची खूण. वरच्या ओठाच्या धमनीचा पुरवठा नाकपुडीच्या कडेपर्यंत जातो, खालच्या ओठाचा हनुवटीकडे. त्यामुळे फक्त ओठ पाहून थांबू नका. नाकपुडी, हनुवटी आणि ओठ उलटा करून आतली बाजू आणि हिरडीही पाहा. काही वेळाने पांढऱ्याच्या जागी जांभळट रेषांची जाळी उमटते. मासे धरायच्या जाळ्यासारखी नक्षी, असं एका पेशंटने वर्णन केलं होतं, आणि त्याहून चांगलं वर्णन मला अजून सुचलेलं नाही. साधं काळंनिळं असं जाळीदार नसतं. तो एकसंध डाग असतो आणि रोज रंग बदलत हिरवट-पिवळा होत जातो.

दुसरी खूण दुखण्याची. साधं दुखणं पहिल्या रात्रीनंतर कमी होत जातं आणि पॅरासिटामॉलने दबतं. रक्तपुरवठा तुटल्याचं दुखणं वाढत जातं. मात्र दुखत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. बहुतेक फिलरमध्ये लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं, वर मलमाची भूल असते. त्यांचा अंमल असेपर्यंत ठणका जाणवतच नाही.

तिसरी खूण दाबून पाहण्याची. संशयाच्या जागी बोट पाच सेकंद दाबा आणि सोडा. दाबलेली जागा पांढरी होऊन साधारण दोन सेकंदांत पुन्हा भरली पाहिजे. तीन-चार सेकंद किंवा जास्त लागले, आणि दुसऱ्या बाजूला लगेच भरतंय, तर निघा. ती जागा हाताला गार लागत असेल तरीही निघा. उलटही लक्षात ठेवा: जागा लगेच भरली तरी रंग आणि ठणका संशयास्पद असेल, तर ही घरगुती चाचणी बाजूला ठेवा.

माझे ओठ मुळातच सावळे आहेत. पांढरे पडलेले मला दिसणार कसे?

रास्त प्रश्न आहे. परदेशी व्हिडिओंत दाखवलेला पांढराफटक ओठ आपल्याकडे तसा दिसेलच असं नाही. सावळ्या ओठावर तो राखाडी, निस्तेज, राख फासल्यासारखा दिसतो. जाळी जांभळी न दिसता गडद तपकिरी दिसू शकते. म्हणून दोन युक्त्या. एक, ओठ उलटा करून आतली ओली बाजू पाहा. तिथे रंगद्रव्य कमी असतं, फरक पटकन कळतो. दोन, उजवी-डावी तुलना करा. दिवसाउजेडी, खिडकीपाशी, लिपस्टिक पूर्ण पुसून. रात्र असेल तर पांढऱ्या प्रकाशाचा दिवा लावा. पिवळ्या बल्बखाली सगळेच ओठ सारखे दिसतात. फिलर घेण्याआधी डॉक्टरांनी फोटो काढले असतील तर त्यांची प्रत मागून ठेवा. तुलनेला त्याहून चांगलं काही नाही.

डॉक्टरांनी तिथेच तपासलं, सगळं ठीक म्हणाले. घरी आल्यावर होऊ शकतं का?

हो. बहुतेक वेळा खुणा खुर्चीतच दिसतात, पण काही वेळा भूल उतरल्यावर किंवा सूज वाढून दाब पडल्यावर, काही तासांनी. म्हणून पहिले दोन दिवस दर काही तासांनी आरशात पाहा. दर दहा मिनिटांनी मात्र नको, त्याने फक्त जीव घाबरा होतो.

रात्रीचे अकरा वाजलेत, ओठ राखाडी झालाय, मी हिंजवडीत आहे आणि क्लिनिक कोरेगाव पार्कात. काय करू?

आधी ज्यांनी फिलर दिलं त्यांना फोन. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून निळ्या टिकची वाट पाहू नका, फोनच लावा. त्यांनी उचलला आणि हायलुरोनिडेज हे फिलर विरघळवणारं औषध घेऊन बसलेले असतील, तर तिकडे जा. स्वतः गाडी चालवू नका. दहा-पंधरा मिनिटांत कुणी उचललं नाही, तर जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. शक्यतो प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ बोलावता येईल अशा ठिकाणी. स्टेशनजवळचं ससून तर चोवीस तास उघडं असतं.

तिथे पोचल्यावर काय सांगायचं हे फार महत्त्वाचं. 'ओठ सुजलाय' एवढंच सांगितलंत तर अ‍ॅलर्जी समजून अविलचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील, अशी शक्यता आहे. त्यात त्या ड्युटीवरच्या डॉक्टरांचा फार दोषही नाही. असे पेशंट त्यांच्याकडे रोज येत नाहीत. सरळ म्हणा: "आज दुपारी इतक्या वाजता ओठात हायलुरोनिक अ‍ॅसिडचं फिलर घेतलं. रक्तवाहिनी अडल्याची शंका आहे. हायलुरोनिडेज लागेल." हे वाक्य मोबाइलमध्ये लिहून ठेवा. सिरिंजच्या खोक्यावरच्या स्टिकरचा फोटोही सोबत असू द्या.

निघण्याआधी फोन करून औषध आहे का ते विचारता आलं तर उत्तम. एक माहिती फार जणांना नसते: मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याला भूल देतानाही हेच औषध वापरतात. त्यामुळे डोळ्यांच्या रुग्णालयात किंवा भूलतज्ज्ञांकडे ते सापडण्याची शक्यता असते.

वाटेत बर्फ लावू नका. बर्फाने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. साध्या सुजेला बर्फ चांगला, इथे वाईट. कोमट ओला रुमाल चालेल. अ‍ॅस्पिरिन डॉक्टर देऊ शकतात. स्वतःच्या मनाने घेऊ नका, दमा किंवा अल्सर असेल तर तेच अंगाशी येईल.

हे हायलुरोनिडेज नक्की करतं काय?

हायलुरोनिक अ‍ॅसिडचा जेल विरघळवतं. काही तासांत परिणाम दिसू लागतो. रक्तवाहिनी अडली असेल तर एका टोचण्याने भागेलच असं नाही. रंग परत येईपर्यंत तासातासाने पुन्हा द्यावं लागू शकतं. भारतात ते बहुधा १५०० युनिटच्या कुपीत मिळतं, आणि कधी एकाहून जास्त कुप्या लागतात. चोवीस तास उलटून गेले तरी 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसू नका. लवकर दिलं तर फायदा जास्त, पण उशिरा दिल्यानेही नुकसान कमी होऊ शकतं.

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून पूर्वी मोठी अ‍ॅलर्जी झाली असेल तर ते फिलर घेण्याआधीच सांगा, कारण त्यांच्या विषात याच जातीचा घटक असतो. आणि हो, सिलिकॉन किंवा दुसरं कायमस्वरूपी काही भरलं असेल, तर हे औषध त्यावर चालत नाही. स्वस्तात 'आयुष्यभराचं' फिलर कुणी देऊ केलं तर उठून या.

तिसऱ्या दिवशी बारीक फोड आलेत. आजी म्हणते कोळी फिरला.

आजीच्या कोळ्याला डॉक्टरी नाव बहुधा हर्पिस. ज्यांना ताप आल्यावर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात, त्यांच्यात सुईच्या इजेने तो विषाणू पुन्हा जागा होतो. आधी चुणचुण, मग द्राक्षाच्या घोसासारखे फोड. पूर्वी असं झालेलं असेल तर डॉक्टर फिलरच्या आधीच विषाणूविरोधी गोळ्या सुरू करतात, म्हणून सांगायला लाजू नका.

पण एक खोच आहे. रक्तपुरवठा तुटलेल्या त्वचेवरही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बारीक पुवाळलेले पुटकुळे येतात, आणि ते हर्पिस समजून मलम लावत राहिल्याने मोलाचे दिवस जातात. पहिल्या दिवसापासून ठणका होता का, रंग बदललेला होता का, फोड ओठाच्या एकाच बाजूच्या पट्ट्यात आहेत का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर त्याच दिवशी दाखवा. घरच्या घरी निदान करायची ही जागा नाही.

ओठात गाठी लागतात. चोळू का?

पहिल्या दोन आठवड्यांत मऊ, न दुखणाऱ्या छोट्या गाठी लागणं सामान्य आहे. डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय चोळू नका. दोन आठवड्यांनी राहिल्या तर दाखवा. चोळून किंवा थोडं हायलुरोनिडेज देऊन त्या जातात.

गाठ लाल, गरम, दुखरी असेल, पू येत असेल किंवा ताप असेल तर तो जंतुसंसर्ग. त्यासाठी अँटिबायोटिक लागतं, आणि ते कोणतं हे औषधाच्या दुकानदाराने ठरवायचं नाही. घरी पडलेलं स्टिरॉइडचं मलम तर अजिबात नको.

फिलर घेऊन दोन महिने झाले. सर्दी-ताप आला आणि ओठ अचानक सुजले. याचा संबंध आहे?

असू शकतो. फिलर आत असेपर्यंत शरीर त्याला परकं समजून उशिरानेही रुसू शकतं, आणि निमित्त बऱ्याचदा ताप, दातांचा संसर्ग किंवा लस यांचं असतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये मॉडर्नाच्या कोविड लशीच्या चाचणीतही फिलर घेतलेल्या काही जणांचा चेहरा किंवा ओठ सुजल्याची नोंद झाली होती, आणि उपचारांनी ती सूज उतरली. म्हणून लस टाळायची नाही. दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवता आलं तर बरं. दाताचं कामही फिलरच्या आगेमागे दोन आठवडे नको. आणि दातांच्या डॉक्टरांना फिलरबद्दल सांगा.

ओठाच्या वर मिशीसारखा फुगवटा दिसतो. निळसर झाकही आहे.

फिलर ओठाच्या रेषेबाहेर सरकलं की असं होतं, बहुधा जास्त भरल्याने किंवा आधीचं शिल्लक असताना वर पुन्हा भरल्याने. निळसर झाक म्हणजे जेल त्वचेच्या फार वरच्या थरात आहे. दोन्ही दिसायला वाईट, धोक्याचं काही नाही. सावकाश अपॉइंटमेंट घ्या, विरघळवता येतं.

ओठात टोचलेल्याने डोळा जाऊ शकतो, हे खरं की घाबरवणं?

खरं, पण फार दुर्मिळ. चेहऱ्याच्या धमन्या नाकाच्या कडेने वर जाऊन डोळ्याच्या धमनीला जोडलेल्या असतात. दाबाने ढकललेला जेल उलटा वर जाऊ शकतो. नाक आणि भुवयांच्या मधल्या फिलरमध्ये हा धोका ओठांपेक्षा बराच जास्त. डोळ्याच्या पडद्याला रक्त मिळालं नाही तर तास-दीड तासात कायमचं नुकसान होऊ शकतं. त्यामुळे दिसण्यात फरक पडला तर क्लिनिकची वाट न पाहता थेट डोळ्यांचा विभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठा.

स्कार्फ, हेल्मेट, मिसळ: काय चालतं?

पुण्यात हा प्रश्न येणारच. गाडीवर बसताना तोंडभर घट्ट बांधलेला स्कार्फ पहिले दोन-तीन दिवस नको. एक तर तो ओठ दाबतो, वर त्याच्याआड ओठाचा रंग दिवसभर कुणाला दिसतही नाही. फुल-फेस हेल्मेट घालता-काढताना ओठाला घासतं, तेव्हा त्या दिवशी रिक्षा करा. हेल्मेट न घालता गाडी चालवा असा याचा अर्थ नाही.

भूल उतरेपर्यंत चहा नको. बधिर ओठ भाजलेला कळत नाही. मिसळ, पाणीपुरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून खा. जिम, वाफ, दारू दोन दिवस बंद. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या ज्यांनी दिल्या त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

पार्लरमध्ये बिनसुईच्या पेनाने निम्म्या पैशात करतात. त्यात सुईच नाही, मग धोका कसला?

सुई नाही, पण दाब आहे, आणि दाबाने जेल कुठे, किती खोल जातं यावर कुणाचाच ताबा नसतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा पेनांविरुद्ध लोकांना जाहीर इशारा दिला होता. शिवाय अडचण आली तर पार्लरकडे हायलुरोनिडेज असतं का? ते देता येणारा माणूस असतो का? ऑनलाइन मागवून मैत्रिणीकडून टोचून घेणाऱ्या मुलीही येतात. त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, पहिल्यांदा उपचार करते.

फिलर घेण्याआधी डॉक्टरांना काय विचारू?

नोंदणी क्रमांक विचारा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहा. हायलुरोनिडेज इथे, आत्ता, किती कुप्या आहेत ते विचारा. 'मागवू' हे उत्तर नको. खोकं समोर फोडायला सांगा आणि बॅच क्रमांकाचं स्टिकर फाइलवर लावून घ्या. आणि रात्री कोणता नंबर लागेल ते विचारा. पुण्यात दुकान दुपारी एक ते चार बंद असलं तर आपण समजून घेतो, पण फिलर देणाऱ्याचा फोन पहिले दोन दिवस बंद असून चालत नाही. या प्रश्नांनी डॉक्टर रागावले तर तुमचं काम सोपं झालं, दुसरीकडे जा.

गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, ओठाजवळ कुठलाही संसर्ग असेल, तर सध्या नको. वयाचंही पाहा: अमेरिकेत ओठांच्या फिलरला परवानगी आहे ती २१ वर्षांवरच्यांसाठी. अकरावीतल्या मुलीला घेऊन आई येते तेव्हा मी चहा देते आणि परत पाठवते.

चुकलं असेल तर तक्रार कुठे?

आधी उपचार, मग तक्रार. कागद मात्र पहिल्या दिवसापासून जपा: पावती, संमतीपत्र, स्टिकर, तारीख-वेळेसह फोटो. केसपेपर लेखी मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायचा असतो. डॉक्टरांच्या वागणुकीची तक्रार मेडिकल कौन्सिलकडे, भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे, तीही दोन वर्षांच्या आत. फिलरच्या मालातच दोष वाटला तर अन्न व औषध प्रशासनाकडे जा. औषधं आणि उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावरही करता येते.

घरी सांगितलेलं नाही. आता ओठ दुखतोय, कुणाला सांगू?

घरी सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. पण फिलर घेतल्यापासून दोन दिवस एका तरी माणसाला माहीत असू द्या: बहीण, रूममेट, ऑफिसातली मैत्रीण. स्वतःचा ओठ रोज पाहणाऱ्याला हळूहळू बदललेला रंग कळत नाही. माझ्याकडे आलेल्या एकीच्या बाबतीत ते तिच्या रूममेटला कळलं, रात्री ब्रश करताना. "तुझी हिरडी अशी पांढरी का दिसतेय?" एवढंच ती म्हणाली. अर्ध्या तासात दोघी रिक्षात होत्या. तिसऱ्या इंजेक्शननंतर हिरडीचा रंग परत आला, आणि मग दोघींनी भूक लागल्याचं सांगितलं.